एक दिवा राहू दे

दूधविनायक, वाराणसी
१२ ऑक्टोबर २०२५

चि. ईशानी,

आशीर्वाद आधी लिहावेत की शेवटी, यावरच बराच वेळ अडलो. रागावलेल्या माणसाला आधीच आशीर्वाद दिले तर ती लाच वाटते. शेवटी लिहीन.

तू फोन उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही येत नाही. आजोबांशी बोलतेस ते मला पलीकडच्या खोलीतून ऐकू येतं, कारण आजोबा फोनवर बोलत नाहीत, पुण्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडतात. पत्राची कल्पना त्यांचीच. "आपल्या यजमानांना आपण पत्रंच पाठवत आलो," म्हणाले. "फोनवर माणूस मधेच तोडतो. पत्र निदान आपलं आपण संपतं."

संकल्पात आधी देश-काळ सांगतात, तसं मी घडलेलं क्रमानं सांगतो. तुला ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूनं सांगतो.

गेल्या रविवारी, पाच तारखेला दुपारी, पावसाळ्याची ओल कुठे धरली आहे का म्हणून कपाट उपसत होतो. तिथे तुझा कन्सोल सापडला, आईच्या राखाडी शालीत गुंडाळलेला. पुण्याला जाताना तू तो तिथे ठेवलास हे मला माहीत नव्हतं. अशा वस्तू फार दिवस न वापरता ठेवल्या की त्यांची बॅटरी फुगते, म्हणून चार्जिंगला लावला. चार्ज झाल्यावर चालू होतो का ते पाहिलं. चालू झाला. तुझा आणि आईचा तो बेटाचा खेळ तिथेच उघडा होता, लॉकडाऊनमध्ये तुम्ही सुरू केलेला.

बेटावर बारा दगडी दिवे. अकरा पेटलेले, एक विझलेला. तेल तयार होतं, वात तयार होती, सगळं तुम्ही दोघींनी जमवून ठेवलं होतं. फक्त टेकडीपर्यंत चालत जाऊन बटण दाबायचं राहिलं होतं.

मला वाटलं, तुला अभ्यासातून वेळ झाला नसेल. आणि आई गेल्यावर तुझं मन झालं नसेल. मी कडेकडेनं गेलो, कशाला धक्का लावला नाही, आणि दिवा लावला. खेळानं मला काही विचारलं नाही. सुंदर संगीत वाजलं, आकाश उजळलं, समुद्रावर बोटी आल्या. त्या पडद्याचा फोटो काढून मी तुला पाठवला. दुसऱ्या दिवशी पाकीट पाठवलं, त्यात विभूती, खडीसाखर आणि काळा गंडा. वाईच्या, बडोद्याच्या यजमानांना पाठवतो तसंच. माणूस तिकडे आपल्या घरी असतो, इथे त्याचं नाव-गोत्र उच्चारून आपण पाणी सोडतो, त्याच्या वतीनं अभिषेक करतो, आणि प्रसाद पोस्टानं जातो. आपल्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, तरी सुटीच्या दिवशी आजोबांचे उरलेसुरले यजमान सांभाळतोच. तुझा खेळ मी त्याच भावनेनं पुरा केला. दिवा लावताना तुझं नाव मनात घेतलं होतं, हेही खरं आहे.

तुझं उत्तर आलं: "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

त्यानंतर काही नाही.

मी त्या दिवशी डायरीत लिहिलं होतं, "ईशानीचा खेळ पूर्ण केला. समाधान." तुझं उत्तर आल्यावर ते पान पुन्हा वाचलं. 'समाधान' हा शब्द खोडावासा वाटला, पण लिहिलेलं खोडायचं नाही असा माझा नेम आहे. म्हणून तो तसाच आहे.

कशाचा राग आला, एवढं तरी सांग. दिवाळीला येते आहेस ना? तिकीट काढलंस असं आजोबा म्हणाले.

अनेक आशीर्वाद.

बाबा


दूधविनायक, वाराणसी
१९ ऑक्टोबर

चि. ईशानी,

काल आजोबांचा फोन ठेवून झाल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबांना सांगा, आईची बाग होती ती."

"कुठली बाग?"

"मला काय विचारतोस? मी का खेळतो? डबा तुझ्या हातात होता."

मी कन्सोल पुन्हा उघडला. दिवा लावल्यावर बोटींचा फोटो काढला आणि लगेच मी तो बंद केला होता, त्यामुळे पुढचं पाहिलंच नव्हतं. बेटावर वसंत आला आहे. टेकडीपासून समुद्रापर्यंत जमीन एकसारखी हिरवी, सपाट. एकही वाफा नाही, कुंपण नाही. आईची झोपडी होती तिथे गवत आहे. खेळातला आईचा माणूसही नाही. दुसऱ्या माळ्याच्या जागी "नवा माळी निवडा" असं लिहून येतं.

गल्लीतल्या केयूरला दाखवलं. असली यंत्रं हेच त्याचं दिवसभराचं काम. तो म्हणाला, "काका, हा खेळ आपोआप साठवतो, जुन्यावरच नवं लिहितो. आधीचं कुठे उरत नाही." बराच वेळ खटपट केली त्यानं. मग चहा न घेता गेला. चहा न घेता जाणारा मुलगा नाही तो.

आजोबांनी बाकीचंही सांगितलं. दवाखान्यात तू आईच्या उशाशी बसायचीस आणि तुम्ही दोघी खेळायचात, तेव्हा अकरावा दिवा लागला आणि आई म्हणाली, "एक दिवा राहू दे. संपलं की मग काय खेळायचं?" हे मला कधी कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं म्हणत नाही. मी त्याच खोलीत होतो. खिडकीशी बसून मोबाईलवर माझा रंगीत गोट्यांचा खेळ खेळत होतो. मला ऐकू यायला काही हरकत नव्हती.

आता जे लिहितो तो खुलासा नाही. नाही, खुलासाच आहे. नाव बदलून काय होणार.

तुला माझ्या टीव्हीच्या गेमचं ठाऊक आहे, पण अर्धवट. मी सातवीत असताना आत्यानं तो नागपूरहून आणला. सोबतच्या कॅसेटवर लिहिलं होतं, "नव्याण्णव खेळ". प्रत्यक्षात सहा होते, तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा यायचे; तरी आम्ही गल्लीतली पोरं नव्याण्णव पुरे खेळलो, न जाणो एखादा वेगळा निघाला तर. कॅसेट फुंकून लावावी लागे. माकडं अँटेना वाकवून जात. त्यात एक शिपाई होता, सात किल्ले पार करणारा. खेळ साठवायची सोय नव्हती. मेलास की पहिल्या किल्ल्यापासून. बिजली गेली की पहिल्या किल्ल्यापासून. आणि बनारसची तेव्हाची बिजली.

आजोबा आधी चिडायचे. मग एक दिवस सोवळ्यातच मागे येऊन उभे राहिले.

"हा कुठे निघालाय?"

"सातव्या किल्ल्यात."

"मग अडतो कुठे?"

"चौथ्यात. कळतच नाही कधी उडी मारायची."

"डोळ्यांनी खेळतोस म्हणून. डोळे फसवतात. पाठ कर."

आणि वेदपाठशाळेत मुलांना क्रमपाठ शिकवतात तसा त्यांनी मला चौथा किल्ला शिकवला. दोन-दोन पदं जोडून, मागचं पुढच्यात अडकवून. उडी-थांब, थांब-वाक, वाक-उडी, उडी-धाव. मी ओसरीत मान हलवत म्हणत बसायचो. आजी म्हणायची, पोरगा संहिता म्हणतोय. एका आठवड्यात चौथा किल्ला डोळे मिटून पार होऊ लागला. तसाच पाचवा, सहावा. सातव्याच्या दाराशी पोचलो, आजोबा मागे उभे, आणि बिजली गेली. त्यानंतर महिनाभरात गेम जळला. व्होल्टेज.

तो शेवट मी फार वर्षांनी इंटरनेटवर पाहिला, दुसऱ्या कुणीतरी खेळलेला. शिपाई उभा राहतो, दोन ओळी येतात, आणि पुन्हा पहिला किल्ला. बस. तरी माझ्या अंगावर काटा आला होता.

तेव्हापासून मला शेवट पाहायचा असतो. मी काही मोठा खेळाडू नाही; सोपी पातळी निवडतो, जमलं नाही तर कुणाचं तरी पाहून पार करतो. नवे खेळ मला मनापासून आवडतात. पहिल्यांदा डोंगरावर घोडा उभा केला आणि खाली अख्खा देश पसरलेला दिसला, तेव्हा मी तुला हाक मारून दाखवलं होतं, आठवतं? तू म्हणालीस, "बाबा, थोडा वेळ थांबा ना इथेच." मी म्हणालो, "थांबून काय, तिकडे किल्ला आहे."

आणि आई म्हणायची तुमच्या बेटाबद्दल, "अहो, तिसरा माळी घेता येतो यात. या की."

"यात जिंकायचं काय असतं?"

"काही नसतं."

"मग हरायचं?"

"तेही नसतं. म्हणून तर बसले आहे."

मी हसलो होतो. स्टाफरूममध्येही सांगितलं होतं हे, विनोद म्हणून.

उद्या लक्ष्मीपूजन. तुझी गाडी आज यायची होती. आजोबा सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना आत चला म्हणालो नाही.

बाबा


दूधविनायक, वाराणसी
२८ ऑक्टोबर

चि. ईशानी,

दिवाळी झाली. कस्तुरी मावशीनं चकल्या पाठवल्या. आजोबांना दातांनी चाववत नाहीत, ते चहात बुडवून खातात आणि "सीता असती तर याला गुन्हा म्हणाली असती" म्हणून आजीची आठवण काढतात. तू आली नाहीस याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. मला वाटतं, मला शिक्षा म्हणून.

तुला एक कळवायचं आहे, आणि कळवल्यावर तू आणखी चिडशील हेही दिसतं आहे. मी बाग परत लावायला घेतली होती.

आईनं कधीकाळी मावशीला एक फोटो पाठवला होता पडद्याचा, तो मागवला. त्यात बागेचा एक कोपरा दिसतो, झेंडू आणि कुंपणाचा तुकडा. बाकीचं आठवून करू म्हटलं. कॉलेजातून आलो की बसायचो. नवा माळी निवडला, पिवळी टोपी दिली, आईच्या माणसाला होती तशी. झेंडूची रोपं आणली, रांगा आखल्या. फोटोत रांगा वाकड्या होत्या. मी मुद्दाम वाकड्या लावू लागलो तर त्या मुद्दाम लावल्यासारख्याच दिसू लागल्या.

आजोबा बघत होते.

"काय चाललंय?"

"मुक्ताची बाग होती तशी करतोय. ईशानीसाठी."

"तिनं सांगितलं?"

"नाही. पण..."

"अरे, यजमानानं सांगितलं नाही, विचारलं नाही, आणि तू आधी उद्यापन करून मोकळा झालास. आता पुन्हा तिच्याच नावानं दुसरं व्रत धरतोस?"

"चूक दुरुस्त करतोय, आप्पा."

"कुणाची इच्छा आहे यात? तुझी. मग तिचं नाव कशाला घेतोस? साठ वर्षं मी लोकांच्या नावानं पाणी सोडलं. कुणाचं पत्र आल्याशिवाय एकदाही नाही. नाव-गोत्र तर कुणालाही ठाऊक असतं रे. वसुलीवाल्यालाही असतं."

 रात्रभर नव्हे, पण बराच वेळ त्यावर विचार केला. दुसऱ्या दिवशी ती झेंडूची रोपं उपटली आणि टोपीवाला माळीही काढून टाकला. आईची टोपी मी एका बाहुलीला घातली होती. हे लिहितानाही शरम वाटते.

आता दुसरं. पंचगंगा घाटावर आकाशदीप सुरू आहेत. इथला कार्तिक आपल्या पंचांगाच्या आधी पंधरा दिवस लागतो, त्यामुळे दिवाळीच्या आधीपासूनच बांबू उभे आहेत. आईच्या नावाची दिव्याची टोपली मी रोज संध्याकाळी बांबूवर चढवतो. पितरांना वाट दिसावी म्हणून. रोज संकल्पात माझं नाव घ्यायचो आणि "कन्या ईशानी हिच्या वतीनं" असंही म्हणायचो. गेल्या वर्षीही म्हटलं होतं. तुला विचारलं होतं का? नाही. तुला वाईट वाटणार नाही, हे मीच ठरवलं होतं. आता तुझं नाव घेत नाही. तुझा दिवा विझवला असं समजू नकोस. तो लावायचा की नाही, हे माझ्या हातात नाही, एवढंच.

आणि तिसरं. हे लिहायला तीन दिवस लावले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, "खेळानं मला काही विचारलं नाही." ते खरं नाही. विचारलं होतं. बटण दाबल्यावर पडदा अंधारला आणि पाटी आली. इंग्रजीत होती, पण मला इंग्रजी येतं. शेवटचा दिवा लागला की हिवाळा संपेल, बेटाची सगळी जमीन नवी होईल, तुम्ही तयार आहात का? खाली होय, नाही.

मी वाचलं. ओझरतं नव्हे, पुरतं वाचलं. जमीन नवी होईल म्हणजे बक्षीस, असं मला वाटलं. मी पस्तीस वर्षं खेळतो आहे. जमीन नवी झाली तर जुनीचं काय होतं, एवढं मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. हाच प्रश्न मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारतो आणि प्रत्येक वेळी उत्तर थोडं वेगळं येतं. मला शेवट पाहायचा होता. तुझ्या नावानं, पण मला पाहायचा होता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा


दूधविनायक, वाराणसी
६ नोव्हेंबर

चि. ईशानी,

या वेळी आशीर्वाद आधीच लिहितो. शेवटी लिहायला जागा उरेल असं वाटत नाही.

काल कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी झाली. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, लोक पायऱ्यांवर नव्हे, एकमेकांवर उभे होते. आजोबांना नेलं नाही. मी दुपारीच पंचगंगेवर उतरलो, गर्दी व्हायच्या आत टोपली चढवली, आणि आज सकाळी जाऊन उतरवली. दोरी, बांबू ज्याचे त्याला परत केले. तळाशी थोडं तेल उरलं होतं.

घरी आलो तर आजोबा फोनवर ओरडत होते. मला पाहून त्यांनी फोन ठेवला नाही, हात वर करून थांब म्हणाले. मग फोन छातीशी धरून म्हणाले, "विचारतेय, दिवा लावायच्या आधी तुम्ही बागेत काय काय पाहिलंत. शेवटचं पाहणारे तुम्हीच."

"मी बोलू तिच्याशी?"

त्यांनी तुला विचारलं. मग माझ्याकडे पाहून मान हलवली. "म्हणते, लिहून पाठवा. आणि म्हणते, खरं लिहा."

तर खरं लिहितो. पहिल्या पत्रात कडेकडेनं गेलो असं लिहिलं होतं. तेही खरं नाही. टेकडीकडे जायला बागेतून जवळ पडतं, म्हणून मी बागेतून गेलो.

जे पाहिलं ते चालत गेलो त्या क्रमानं लिहितो. आठवत नाही तिथे आठवत नाही असंच लिहीन, भर घालणार नाही.

धक्क्यावरून वर आलं की लाकडी फाटक होतं. उघडंच. फाटकाला काहीतरी अडकवलेलं होतं, तोरणासारखं. पानांचं होतं की शिंपल्यांचं, ते आठवत नाही.

आत डाव्या हाताला झेंडू. पिवळा जास्त, केशरी कमी, असं वाटतं. रांगा तिरक्या जात होत्या आणि एका ठिकाणी दोन रांगा एकमेकींत मिसळल्या होत्या. तिथे एक बादली पडलेली होती.

उजवीकडे तुझा भाग असावा, कारण तिथे सगळं सरळ होतं आणि पाट्या लावलेल्या होत्या. टोमॅटो वाचलं. बाकी पाट्या वाचल्या नाहीत.

मधोमध भोपळ्याचा वेल. तो कुंपणावरून पलीकडे समुद्राच्या बाजूला उतरला होता आणि वाळूत एक भोपळा पडला होता. तो उचलता येतो का म्हणून मी तिकडे एकदा बटण दाबलं. आला नाही. तो तसाच राहिला.

एक मांजर होतं. पांढरं. माझ्या मागे थोडं आलं आणि थांबलं. ते तुमचं की बेटाचं, मला माहीत नाही.

झोपडीच्या अलीकडे एक वाफा मोकळा होता. माती खणून, भुसभुशीत करून ठेवलेली, भोवती लहान दगड लावलेले. पाटीवर 'बाबा' लिहिलं होतं. इतकंच. मी पाहिलं, वाचलं, आणि त्यात वेचण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्यातूनच आडवा गेलो. तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटलं असतं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

ओट्यावर आई बसलेली होती. म्हणजे आईचा माणूस. पिवळी टोपी डोळ्यांवर आलेली, हात गुडघ्यांवर, आई बसायची तसेच, की मला आता तसं वाटतं आहे, ते सांगता येत नाही. शेजारी दोन कप होते. एक तुझा असेल.

कन्सोल मी परत शालीत गुंडाळला आहे. केयूर पुढच्या आठवड्यात कामासाठी पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर पाठवतो. त्यात वसंताचं बेट आहे, मोकळं. मी पुन्हा काही लावलेलं नाही. उघडायचं की नाही ते तू ठरव. पुसून टाकलंस तरी चालेल. पाटीवर माझं नाव घालू नकोस. तू आपणहून घातलंस तर गोष्ट वेगळी, पण त्याची वाट पाहतो आहे असं मी लिहिलं तर तो पुन्हा तुझ्यावर टाकलेला संकल्प होईल, म्हणून लिहीत नाही.

एक राहिलं. बागेतलं ते शेवटचं.

माणसाच्या जवळ गेलं की तो बोलतो, तुला ठाऊक आहे. आईनं येणाऱ्यासाठी काहीतरी लिहून ठेवलं होतं, ते तिच्या डोक्यावर एकेक अक्षर उमटू लागलं. इंग्रजी अक्षरांत मराठी. "आलात? बसा. घाईत असाल तर" एवढं उमटलं. पुढे आणखी होतं, अक्षरं येतच होती.

मी बटण दाबून पुढे गेलो.

बाबा